झाकलेल्या ताटाची प्रसिद्धी

आई गेल्यानंतर काही दिवस मी दोघींचा स्वयंपाक करत राहिले. यात भावनेचा भाग कमी आणि सवयीचा जास्त होता. दुपारचं उरलेलं मी संध्याकाळी खायचे, संध्याकाळचं सकाळी, आणि कुठलं जेवण ताजं याचा हिशेब माझ्यापुरता बंदच झाला होता. एका माणसाचा स्वयंपाक ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती माझ्या वयात शिकवायला कोणी बसत नाही. शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात मी धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका खानावळीत दुपारचं जेवण लावलं.

बाईमाणसानं एकटीनं बाहेर जेवणं याला जालन्यात अजून थोडं स्पष्टीकरण लागतं. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला ‘फॅमिली रूम’ नावाच्या पडद्याआड बसवतात. फॅमिली कुठे आहे असं कोणी विचारत नाही, पण वेटर पाण्याचे दोन ग्लास ठेवून जातो आणि दुसरा ग्लास जेवण होईपर्यंत समोर उभा असतो. या खानावळीत पडदा नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराशी एक टेबल होतं, तिथून भाकरी थापण्याचा आवाज यायचा, आणि मी तिथे बसायचे. पाण्याचा ग्लास एकच मिळायचा.

खानावळ एक नवराबायको चालवत. तो टेंभुर्णीचा, ती जाफराबादकडची. तो माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असावा, पण खानावळीच्या मालकाला सगळं गाव काका म्हणतं आणि त्याच्या बायकोला मावशी, त्यामुळे मीही तेच म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत.

तिथे एक रीत होती. रोज येणाऱ्यांना ते ‘मेंबर’ म्हणत: मोंढ्यातल्या अडत दुकानांचे मुनीम, बदलीवर आलेले बँकेचे लोक, औषध कंपन्यांचे बॅगा सांभाळणारे प्रतिनिधी, आणि मी. दुपारी बाहेरच्या गिऱ्हाइकांची गर्दी सुरू झाली की मावशी न आलेल्या मेंबरांची ताटं आधीच वाढून ओट्यावर ओळीनं मांडायच्या आणि प्रत्येकावर दुसरं ताट पालथं घालायच्या. उशिरा येणाऱ्याला भाजी संपली असं ऐकावं लागू नये, एवढाच त्यात हेतू. प्रत्येक ताट वेगळं. माझ्या ताटात भाकरी लहान, कच्चा कांदा नाही, आणि कडेला गुळाचा खडा. एका साखरेच्या आजारवाल्या मुनीमजींच्या ताटात भात नाही आणि भाजक्या पिठाच्या येसराची आमटी दोन वाट्या. आमची नावं मावशींना माहीत असतील असं मला वाटत नाही. ताटं मात्र पाठ होती.

आणि एखादं ताट गर्दी ओसरली तरी तसंच राहिलं, तर काका फोन करायचे. मला तो फोन पहिल्यांदा आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी बसले होते.

“मॅडम, ताट झाकलेलं हाय,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

येताय का, कुठे आहात, बरं आहे ना, यातलं काही नाही. सरकार मला वर्षातून एकदा विचारतं की तुम्ही जिवंत आहात का, आणि पुरावा मागतं. काका मी न आलेल्या दुपारी विचारायचे, आणि पुरावा मी फोन उचलला एवढाच.

मी तिथे भुकेसाठी जायचे हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पुण्याचा भाऊ रविवारी फोन करतो. शेजारची मंडळी सज्जन आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या दारात डोकावत नाहीत. या सगळ्या शहरात ती एकच जागा होती जिथे माझं न येणं कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. ती जागा हातची जाऊ नये एवढीच माझी तेव्हा इच्छा होती, आणि निवृत्त माणसाला ती फार मोठी वाटू नये.

रीलवाला आला तो एका मंगळवारी.

परदेशात हॉटेलांना तारे वाटणारी मार्गदर्शक पुस्तकं निघतात असं मी वाचलं आहे. त्यांचे परीक्षक म्हणे नाव लपवून, साध्या कपड्यांत, एकटे येऊन जेवून जातात आणि हॉटेलवाल्याला पत्ता लागत नाही. आपल्याकडे ही पद्धत उलटी आहे. परीक्षक आधी कळवून येतो, दिवे घेऊन येतो, आणि लपून बसायची पाळी जेवणाऱ्यांवर येते. हा तरुण संभाजीनगरहून आला होता. बरोबर एक मुलगी, तिच्या एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात गोल दिवा. मी त्या दिवशी उशिरा पोचले. दारात शिरले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा होता आणि झाकलेल्या ताटांच्या ओळीकडे बोट दाखवत होता.

“काका, हे काय आहे?”

काका दिवसभर अडत्यांशी घासाघीस करणारे गृहस्थ, पण कॅमेऱ्यासमोर ते आधार कार्डाच्या फोटोसारखे ताठ झाले होते.

“ते व्हय? ती झाकलेली ताटं हायेत,” ते म्हणाले.

“झाकलेलं ताट,” तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला. “मित्रांनो, हे तुम्हाला पुण्या-मुंबईत मिळणार नाही. ही जालन्याची खासियत. वाफेत भाजी मुरते, भाकरी लुसलुशीत होते. उघडून बघू या.”

“अहो दादा, ते मॅडमचं हाय,” मावशी आतून म्हणाल्या.

“ऐकलंत? मॅडमचं. म्हणजे स्पेशल.”

आणि त्यानं वरचं ताट उचललं. लहान भाकरी, वांग्याची भाजी, कांदा नाही, गुळाचा खडा. त्यानं घास घेतला, डोळे मिटले, मान दोन्ही बाजूंना हलवली. देवळात आरतीला काही लोकांचं असं होतं, पण तिथे दिवा देवासमोर धरतात, त्यांच्या तोंडासमोर नाही.

मावशींनी मला दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “बसा मॅडम, दुसरं वाढते. तो तुमचंच खाऊन राह्यला.”

“खाऊ द्या,” मी म्हटलं. “काय म्हणतो ते तरी बघू.”

तो म्हणाला, नेक्स्ट लेव्हल. गुळाच्या खड्याला तो गावरान डेझर्ट म्हणाला. मी इतके महिने काय खात होते ते मला त्या दिवशी कळलं.

ते रील मी नंतर पाहिलं. मावशींचं वाक्य कापलं होतं, ‘म्हणजे स्पेशल’ तेवढं ठेवलं होतं. मागे दारात एक बाई पिशवी घेऊन उभी दिसते, आणि खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘मागच्या काकूंना पण वाढा रे, भुकेल्या दिसतात.’ या मजकुराला पुष्कळ बदाम मिळाले होते. माझ्याविषयी जाहीरपणे लिहिलं गेलेलं हे एकमेव वाक्य, आणि समीक्षा म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही.

पुढच्या आठवड्यापासून लोक यायला लागले. आधी संभाजीनगरचे, मग अंबडकडचे, मग समृद्धी महामार्गावरून मुद्दाम वाकडी वाट करून आलेले नागपूरचे. सगळ्यांना झाकलेलं ताट हवं होतं.

“तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?” मी काकांना विचारलं.

“सांगितलं की मॅडम. म्हणलं, हे उशिरा येणाऱ्या माणसासाठी ठेवलेलं ऱ्हाते. तर म्हणले, मंग आम्हाला बी उशिरानंच द्या.”

त्यावर माणसानं काय करावं? काकांनी ताटांवर घालायला स्टीलची चकचकीत झाकणं आणली. दारावर फ्लेक्स लागला, त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘सुप्रसिद्ध झाकलेलं ताट’. महिन्याभरापूर्वी नसलेली गोष्ट सुप्रसिद्ध व्हायला पूर्वी निवडणूक लागायची. मोबाईलच्या नकाशावर खानावळीला तारे पडायला लागले. एकानं लिहिलं, ‘झाकण उचलल्यावर वाफ आली नाही. एक तारा.’ तेव्हापासून मावशी ताट बाहेर पाठवताना आमटी उकळती ओतायला लागल्या आणि झाकण दाबून धरायला लागल्या. लोक झाकण उचलायचे, वाफ यायची, मोबाईल वर व्हायचे. ताटातली भाकरी मात्र त्या वाफेनं ओलसर व्हायची. त्याबद्दल कोणीच तारा कापला नाही, कारण रीलमध्येच सांगितलं होतं की ती लुसलुशीत असते.

“उद्या झाकण उचलायला बी माणूस ठेवतील,” मावशी नवऱ्याकडे बघून म्हणायच्या.

“तू हस. बारा गावचे लोक येऊन राह्यले.”

“बाराव्या गावाला सांगा, पीठ संपलं.”

पण मावशींना हे सगळं नकोसं होतं असं मी म्हणणार नाही. नाशिकची एक बाई सरळ स्वयंपाकघरात शिरली, तिनं मावशींचे पिठानं भरलेले हात हातात घेतले आणि म्हणाली, अशी आमटी आई गेल्यापासून खाल्ली नव्हती. मावशींनी हे मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा सारख्याच शब्दांत, आणि सांगताना तव्यावरच्या भाकरीकडे बघत. जालन्याचा माणूस भाजी खारट झाली तरच तोंड उघडतो. आयुष्यभर असल्या माणसांना वाढल्यावर कोणी हात हातात घेतला तर तो सोडावासा वाटणार नाही. म्हणून मी तक्रारही करू शकत नव्हते, आणि तक्रार करता न येणं हा एकटेपणाचा सगळ्यात गैरसोयीचा प्रकार आहे.

मेंबर हळूहळू विरळ झाले. बँकवाल्यांनी डबे लावले. औषधवाले दुसरीकडे गेले. काउंटरवर नाव आणि मोबाईल नंबर सांगून टोकन घ्यायचं आणि बाहेर उभं राहायचं, अशी पद्धत आली. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल काढून तिथे फोटो काढायला बैलगाडीचं चाक लावलं. मी रांगेत उभी राहायचे. साखरेच्या आजाराचे मुनीमजीही उभे असायचे, टोकन लॉटरीच्या तिकिटासारखं दोन बोटांत धरून. वर्षभर शेजारच्या टेबलांवर जेवूनही आमच्यात मीठ सरकवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं, तेव्हा रांगेत तरी काय बोलणार?

एकदा रांग फारच लांब होती, म्हणून मी रिक्षा वळवून बायपासवरच्या एका नव्या रेस्टॉरंटला गेले. तिथे भिंतींवर गवत होतं, प्लॅस्टिकचं, आणि छतातून दिवे इतके खाली लोंबत होते की ताटापेक्षा माणसाचं टक्कल जास्त उजळावं. मी पुस्तक उघडून बसले. वाचताना समासात पेन्सिलीनं खुणा करायची मला जुनी खोड आहे, ग्रंथपाल असताना इतरांना ज्यासाठी दंड केला तीच. थोड्या वेळानं कोट घातलेला मॅनेजर माझ्याभोवती घिरट्या घालू लागला. न मागता सूप आलं. शेफकडून, म्हणाला.

“मॅडम एकट्याच?”

“हो.”

“छान. दाल कशी वाटली? मीठ? काही सुचवायचं असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा.”

मी दालविषयी माझं मत सांगितलं. तो हात मागे बांधून ऐकत होता. मग त्यानं भाताविषयी विचारलं, तेही सांगितलं. त्या आठवड्यातलं माझं ते सगळ्यात लांब संभाषण होतं, आणि मी त्यात रमले हे कबूल करायला हवं. मग तो थोडा वाकून म्हणाला, “मॅडम, आपले फॉलोअर्स साधारण किती?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकटी आलेली, चष्मेवाली, पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेणारी बाई.

“एक मांजर आहे,” मी म्हटलं. “तेही दूध असलं तर.”

तो हसला, मग हसू थांबवलं, मग पुस्तकाकडे बघितलं. त्यानंतर बिल फार लवकर आलं. एकट्यानं जेवण्याला सन्मान मिळतो, फक्त तुम्ही ते कामाचा भाग म्हणून करत असायला हवं.

पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला. सोमवारी आला, म्हणजे भावाचा फोन नुकताच होऊन गेलेला. पहिले दोन दिवस मी बिस्किटं आणि दूध यांवर काढले, मग नुसत्या पाण्यावर. मोबाईल उशीपाशी होता. दुपार व्हायची, रस्त्यावरचा भाजीवाला ओरडून जायचा, शाळेच्या रिक्षा परत यायच्या, आणि मी पडल्यापडल्या ओट्यावरची ताटं डोळ्यांसमोर आणायचे. माझं बुद्धीचं काम तापातही चालू होतं, आणि बुद्धी म्हणत होती की फोन येणार नाही, कारण येऊच शकत नाही. पूर्वी झाकलेलं ताट म्हणजे न आलेला माणूस. आता सगळीच ताटं झाकलेली. त्यातलं कुठलं कोणाची वाट बघतंय हे काकांना कळणार कसं? हे अगदी तर्काला धरून होतं. तरी दुपार झाली की मी मोबाईलचा आवाज चालू आहे ना हे बघून घ्यायचे.

फोन आला नाही. एकदा वाजला, तो कर्ज हवं का म्हणून. ती मुलगी फार गोड बोलत होती, मी तिला पटकन नाही म्हटलं नाही.

रविवारी भावानं विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक. तोपर्यंत ते खरं झालं होतं.

सोमवारी मी पुन्हा रांगेत उभी राहिले. पायांत जोर नव्हता. आत गेल्यावर मावशी चुलीपासून वळल्या, त्यांचं मनगट भाजलेलं होतं आणि त्यावर हळद लावलेली होती.

“हफ्ताभर आले नाही,” मी म्हटलं. मला वाटलं सहजच म्हटलं.

“काय सांगता. काल तर होतात की मॅडम. पिठलं घेतलंत, अन् जल्दी गेलात.”

त्यांच्या बोलण्यात कसलाही खोटेपणा नव्हता. त्यांना मी खरंच दिसले होते. रोज शेकडो चेहरे त्या दारातून आत डोकावत होते, त्यातल्या कुठल्या तरी पांढऱ्या केसांच्या चष्मेवालीला त्यांनी मी समजून पिठलं वाढलं होतं, आणि माझ्या वाटची आपुलकीही तिलाच दिली असणार.

“हो,” मी म्हटलं. “होते की.”

जेवण झाल्यावर काका काउंटरवर मला थांबवून म्हणाले, “मॅडम, एक काम होतं. तुमी शिकल्या-सवरलेल्या. हे लोक एकेक तारा देऊन राह्यले, वाफ न्हाई अन् चाक छोटं हाय अन् काय काय. तुमी आपलं बराबर लिहा ना चार ओळी.”

मी घरी येऊन लिहायला बसले. आयुष्यभर पुस्तकांच्या सहवासात राहून मी एक ओळ छापली नव्हती, आणि आता लिहिणार होते ती आमटीवर. पाच तारे दिले. आमटीचं कौतुक केलं, ते सोपं होतं, कारण ती चांगलीच आहे. मग लिहिलं: ‘या खानावळीची खरी खासियत झाकण नाही. इथे रोज जेवणारं माणूस एखाद्या दुपारी आलं नाही, तर त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात आणि त्याला फोन करतात. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.’

वाचणाऱ्याला तो अभिप्राय वाटला असेल. तो अर्ज होता. काका वाचतील, थोडे थांबतील, आणि पुढच्या वेळी त्यांना आठवेल, अशी माझी योजना होती. सरळ जाऊन ‘मी आले नाही तर फोन करत जा’ असं म्हणणं मला जमलं नाही. असं वाक्य माणूस कोणत्या तोंडानं म्हणतो?

काकांनी वाचलं. पण त्यांच्याआधी आणखी कोणीतरी वाचलं, आणि त्याचं रील झालं. ‘जालन्यातली खानावळ जी तुम्हाला फोन करते.’ मागे हळवं बासरीचं संगीत. मी रीलवाल्यांना इतके दिवस हसले, आणि माझ्या चार ओळींनी नेमकं तेच केलं जे त्यांच्या डोळे मिटण्यानं होतं. लोक काउंटरवर येऊन सांगायला लागले, आम्हालाही फोन करा. यातले निम्मे हौशी होते. उरलेल्यांकडे मी जरा नीट बघितलं. त्यात एक गृहस्थ होते ज्यांची मुलं बंगळूरला होती, आणि ते नंबर दोनदा सांगत होते, चुकायला नको म्हणून.

काका एवढे फोन करणार कसे? पण निवडणुकीत उमेदवारांचे आवाज फोनवरून घरोघर पोचवणारा एक माणूस गावात आहे, त्यानं त्यांची अडचण सोडवली. टोकनासाठी दिलेले सगळे नंबर त्याच्याकडे गेले. काकांचा आवाज एका खोलीत बसवून भरून घेतला. आणि एका दुपारी, मी त्याच खानावळीत समोर झाकलेलं ताट घेऊन बसलेली असताना, माझ्या पर्समधला फोन वाजला.

“नमस्कार. आपलं ताट झाकलेलं आहे. गरमागरम जेवायला अवश्य या.”

‘हाय’ जाऊन ‘आहे’ आलं होतं. आवाज काकांचाच होता, आणि काका चार हातांवर काउंटरशी गिऱ्हाइकाशी बोलत होते.

त्याच वेळी सगळ्या दालनात फोन वाजू लागले. एकामागून एक, टेबलाटेबलावर, गाण्यांच्या धुना आणि नुसत्या थरथरी. लोक नंबर बघून हसले, कोणी म्हणालं, अरे आपण इथेच आहोत की, आणि बहुतेकांनी पहिल्या शब्दालाच फोन कापला. मी कापला नाही. शेवटपर्यंत ऐकला, त्यानंतर जी शांतता येते तीही थोडी ऐकली.

मान वर केली तेव्हा भिंतीकडच्या टेबलावर मुनीमजी मोबाईल कानाला लावून बसले होते. दालनात आता आम्ही दोघंच तसे होतो. त्यांनी मला पाहिलं आणि फोन खाली ठेवला, जणू मी त्यांना काही चोरून खाताना पकडलं होतं. मग ताट उचलून ते माझ्या टेबलाशी आले.

“बसू का?”

“बसा ना.”

ते बसले. झाकण काढून बाजूला ठेवलं. ताटात भात होता, तो त्यांनी वाटीनं कडेला सारला. आम्ही जेवू लागलो. त्यांच्या भाकरीलाही पाणी सुटलं होतं.

“ते तुमी लिव्हलेलं का, मोबाईलवर?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्यात ‘रोज जेवणारं माणूस’ असं हाय. बाकी लोक ‘फूड’ लिव्हतात.” मग भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाले, “पूर्वी मला बी यायचा फोन. काकाचा खरा. मी मुद्दाम उशीर करायचो कधीमधी.”

मी तसं कधी केलं नव्हतं, पण ते फक्त सुचलं नव्हतं म्हणून.

जेवण झालं. बाहेर रांग वाट बघत होती आणि वाढणारा दुसऱ्यांदा टेबल पुसून गेला, म्हणजे उठा. मुनीमजी उठले, टोपी घातली, दोन पावलं गेले आणि परत आले.

“उद्या मी न्हाई येणार,” ते म्हणाले. “अंबडला कोर्टात तारीख हाय. भावकीचा दावा. यष्टीनं जायचं तर दिवस जाते.”

“बरं,” मी म्हटलं.

“म्हणलं सांगून ठेवावं.”

“परवा?”

परवाचं कोणी विचारेल अशी त्यांची तयारी नसावी.

“परवा येतो की,” ते म्हणाले.